युरोपातले मध्ययुगीन किल्ले आणि मठ इतके शाबूत कसे राहिले?

खरं तर बरेचसे शाबूत राहिलेलेच नाहीत. ते पडले, पाडले गेले आणि नंतर कुणीतरी चिकाटीने पुन्हा उभे केले. पोलंडमधला माल्बोर्क याचं ठळक उदाहरण आहे, आणि तो किल्लाही होता, मठही.

ट्युटॉनिक ऑर्डर हा व्रतस्थ ख्रिस्ती योद्ध्यांचा पंथ. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी नोगात नदीकाठी हा विटांचा किल्ला बांधायला घेतला. १३०९ मध्ये पंथप्रमुखाचं ठाणं व्हेनिसहून इथे आलं. १४१० ला ग्रुनवाल्डच्या लढाईत पंथाचा दारुण पराभव झाला, तरी वेढा घालून किल्ला पडला नाही. तो गेला पैशापायी: पगार थकलेल्या भाडोत्री सैनिकांनी १४५७ मध्ये तो थेट पोलंडच्या राजाला विकला!

१७७२ मध्ये हा भाग प्रशिया या जर्मन राज्याकडे गेला आणि त्याच्या सैन्याने किल्ल्याची बराक आणि कोठार करून टाकलं. तोडफोडही सुरू झाली. पण फ्रीडरिख गिली या तरुण वास्तुकाराने १७९४ मध्ये तिथे काढलेली चित्रं बर्लिनमध्ये लोकांनी पाहिली, ओरड झाली आणि १८०४ मध्ये पाडकाम थांबलं. पुढे १८८२ पासून कोनराड श्टाइनब्रेख्टने चाळीसेक वर्षं तिथे काम केलं. उत्खनन, मोजमापं, नोंदी, दुरुस्ती. माझ्या मते किल्ला वाचला तो या नोंदींमुळे. कारण १९४५ च्या लढाईत निम्म्याहून जास्त किल्ला उद्ध्वस्त झाला आणि नंतरची बांधणी बरीचशी त्या जुन्या कागदपत्रांच्या आधाराने झाली. चर्चच्या बाहेरची मोझॅकने मढवलेली, सुमारे आठ मीटर उंचीची मेरीची मूर्ती तर २०१६ मध्ये पुन्हा उभी राहिली.

‘मग हा खरा मध्ययुगीन किल्ला कुठे राहिला?’ हा आक्षेप रास्त आहे. एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारात त्या काळाची आवडनिवडही मिसळलेली आहे. तरी जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे लपवलं नाही, तर अशी पुनर्बांधणी मला मान्य आहे. १९९७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून माल्बोर्कची नोंद केली, तेव्हा या जतनाच्या परंपरेलाही महत्त्व दिलं.

उलट फ्रान्समधला क्लूनीचा मठ बघा. तिथलं चर्च रोमचं आजचं सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं. क्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि कित्येक वर्षं दगडाची खाण म्हणून वापरलं गेलं. आज जेमतेम दहावा हिस्सा उरलाय.