राज्यशास्त्र वाचायचंय? प्लेटो थांबेल थोडा

तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं वर आलं. देवगडात दुकान सांभाळून राज्यशास्त्र वाचायचं ठरवलंत, प्लेटो उघडलात आणि दहा पानांत अडकलात. मीही असाच अडकलो होतो.

बाहेरून बी.ए.ला नाव घातलं, तेव्हा आमच्याकडच्या एका अभ्यासकेंद्राने हातात गाईड टेकवलं. पहिलंच प्रकरण परदेशी अभ्यासकांच्या व्याख्यांचं: गार्नर काय म्हणतो, गेटेल काय म्हणतो, लीकॉक काय म्हणतो. खाली ‘अपेक्षित, ५ गुण’. संविधानाची प्रत मागितली तर बाई म्हणाल्या, “ती परीक्षेला येत नाही,” आणि कपाटाला कुलूप! वाचायची हौस होती, ती वर्षभरात पार मेली. पास मात्र झालो. असो.

मी काही प्राध्यापक नव्हे आणि एमपीएससी करणाऱ्यांना हे उपयोगाचं नाही. पण माझ्या मते सुरुवात आपल्या घरच्या, म्हणजे कोकणातल्या, भांडणापासून करावी. खोती घ्या. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये सारा वसूल करणारा खोत. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कायदा झाला १९४९ मध्ये. मधली वर्षं कुठे गेली, कोण आडवं आलं, हे शोधायला लागा. मालमत्ता, प्रतिनिधित्व, राज्यसंस्था सगळं त्यात येतं. जोडीला अलिबागकडचा, शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध केलेला चरीचा संप वाचा.

मग राजापूरचे तेव्हाचे खासदार बॅ. नाथ पै. मूलभूत हक्क संसदेला कमी करता येणार नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा गोलकनाथ खटल्यातला निकाल १९६७ मध्ये लागला. तो अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून पैंनी खासगी विधेयक आणलं. पुढे १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्ती बसले आणि ७ विरुद्ध ६ मतांनी निकाल आला: घटनेत दुरुस्ती करा, पण तिची मूलभूत चौकट मोडू नका. शेवटचा शब्द निवडून दिलेल्यांचा की न्यायालयाचा? हा प्रश्न डोक्यात घोळायला लागला की मग लॉक, रूसो हे राजकीय विचारवंत उघडा. झोप येणार नाही.

संविधान मराठीत सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतं. पावसाआधी उतरवून ठेवा, नंतर वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही. (छापील पुस्तकं जमिनीलगतच्या फडताळात ठेवू नका, बुरशी धरते.) आधी भाग ३ (मूलभूत हक्क) वाचा, मग १९९२ च्या ७३व्या दुरुस्तीने आलेला पंचायतींचा भाग. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. ते एका कागदावर उतरवून ग्रामसभेला न्या आणि त्यातले किती विषय पंचायतीकडे खरंच आलेत, ते ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी) विचारा.