दबाव आला, की ओढवून घेतला?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण दोनदा वाचलं. मेहनत दिसते. तुमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या तरुण क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूचा, तीन सामन्यांतला प्रत्येक पास तू वेळेसकट नोंदवला आहेस. पण शेवटचं वाक्य, "दबावाखाली कोसळतो", मला खटकलं. वीस वर्षांच्या मुलाबद्दलचं असं वाक्य प्रशिक्षकांच्या बैठकीत एकदा वाचलं गेलं की ते त्याला चिकटतं. मग त्याचा प्रत्येक फसलेला पास त्याच वाक्याचा पुरावा ठरतो. म्हणून टिपण पुढे पाठवू नकोस, आधी हे वाच.

सॅम डार्नल्डचं काय झालं ते बघ. २१ ऑक्टोबर २०१९, सोमवारची रात्र. एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या जेट्स संघाच्या या बावीस वर्षांच्या क्वार्टरबॅकने न्यू इंग्लंड पेट्रिअट्ससमोर चार इंटरसेप्शन दिले (त्याचे चार पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले) आणि संघ ३३-० असा हरला. त्या दिवशी त्याच्या अंगावर माइक होता. बाकावर बसून तो म्हणाला, मला भुतं दिसताहेत. ते देशभर ऐकू गेलं. पुढे कितीतरी वर्षं त्या वाक्याने त्याचा पिच्छा सोडला नाही. २०२४ मध्ये तो खेळत असताना मिनेसोटाने नियमित हंगामातले १४ सामने जिंकले, तरी जानेवारी २०२५ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, रॅम्सनी त्याला नऊ वेळा पाडलं तेव्हा तीच भुतं परत बाहेर काढली गेली. त्या नऊ सॅकमधले (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं म्हणजे सॅक) काही त्याचे स्वतःचे होते, चेंडू धरून ठेवल्यामुळे. काही लाइनचे, म्हणजे त्याच्यासमोर आडोसा धरणाऱ्या खेळाडूंचे होते. हा हिशेब मांडायला मात्र फार थोडे जण बसले. फेब्रुवारी २०२६ मध्ये त्याच डार्नल्डने सिअॅटलकडून, त्याच पेट्रिअट्सना हरवून, सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला.

तू क्रिकेट बघत वाढलीस. फलंदाजाचा त्रिफळा उडाला की तो त्याचाच. वाटेकरी शोधावे लागत नाहीत. ती नजर इथे थोडी बाजूला ठेवावी लागेल. सॅक क्वार्टरबॅकच्या नावावर लागतो, पण त्या अडीच-तीन सेकंदांत लाइनमधले पाच जण, मदतीला थांबलेला रनिंग बॅक (एरवी चेंडू घेऊन धावणारा), पास झेलायला पुढे धावलेले रिसीव्हर आणि खेळ निवडणारा प्रशिक्षक या सगळ्यांचा हात असतो. शिवाय कॉलेज फुटबॉलमध्ये सॅकचे गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्याच्या यार्डांतून वजा करतात. तुझ्या तक्त्यात त्याचं धावणं उणे दिसतंय ते त्यामुळे. "पाय जड आहेत" हे तुझं वाक्य तेवढं काढून टाक.

आता मुख्य गोष्ट. दबाव आला की तरुण क्वार्टरबॅक काय वाचवायला बघतो, हे शोध. सगळेच घाबरतात, पण प्रत्येकाची किंमत चुकवण्याची जागा वेगळी असते.

दोन रुकी, म्हणजे एनएफएलमधल्या पहिल्याच हंगामातले खेळाडू, शेजारी ठेव. दोघेही आपापल्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत) पहिल्या क्रमांकावर निवडले गेलेले. १९९८ मध्ये पेटन मॅनिंगने इंडियानापोलिस कोल्ट्ससाठी ५७५ पास टाकले, त्यात २८ इंटरसेप्शन; रुकीचा तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. सॅक मात्र फक्त २२. २०२४ मध्ये शिकागो बेअर्सच्या केलेब विल्यम्सने ५६२ पास टाकले. इंटरसेप्शन फक्त सहा, सॅक ६८. मॅनिंग अंगावर माणूस येण्याआधी चेंडू सोडून द्यायचा, मग तो कुणाच्या का हातात जाईना. विल्यम्स चेंडू जपायचा आणि त्यापायी स्वतः जमिनीवर जायचा. मधल्या काळात त्याने सलग ३५३ पास एकही इंटरसेप्शन न देता टाकले. दोन्ही संघ त्या वर्षी सपाटून हरले: कोल्ट्स ३ विजय-१३ पराभव, बेअर्स ५-१२. "दबावाखाली कोसळतो" हे दोघांबद्दलही लिहिता आलं असतं, आणि त्यातून दोघांबद्दल काहीच कळलं नसतं. मॅनिंगला शिकवायचं होतं की कुठला पास टाकायचा नाही. विल्यम्सला शिकवायचं होतं की खेळ संपला हे कधी मान्य करायचं.

विल्यम्सच्या त्या हंगामातले दोन सामने पूर्ण बघ. १० नोव्हेंबरला पेट्रिअट्सनी त्याला नऊ वेळा पाडलं आणि बेअर्स १९-३ असे हरले. दोन दिवसांत आक्रमणाचा समन्वयक शेन वॉल्ड्रन याला काढलं. दुसरा, २८ नोव्हेंबरचा थँक्सगिव्हिंगचा, डेट्रॉइटमधला. मध्यंतराला ०-१६ अशा पिछाडीवरून या मुलाने संघाला २०-२३ पर्यंत आणलं. शेवटच्या अर्ध्या मिनिटाच्या सुमारास तो सॅक झाला. हातात एक टाइमआउट शिल्लक होता, फील्ड गोलने (चेंडू लाथेने मारून मिळणाऱ्या तीन गुणांनी) बरोबरी होणार होती, पण मैदानाबाहेरच्या प्रशिक्षकांनी टाइमआउट घेतलाच नाही आणि घड्याळ पळत राहिलं. दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लस यांची नोकरी गेली. शेवटच्या क्षणी विल्यम्सने घाई करायला हवी होती असं तू म्हणशील. बरोबर आहे, तेवढं त्याच्या खात्यात लिही. पण रुकी गोंधळलेला असताना टाइमआउट मागणं हे मैदानाबाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसांचं काम असतं, आणि त्याचा रकाना तुझ्या तक्त्यात नाही.

त्याची बाजू घेऊन मी डोळे मिटत नाही. ६८ मधले बरेच सॅक त्याने स्वतः ओढवून घेतले. यूएससीच्या कॉलेज संघात असताना अशाच पळापळीतून त्याने सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची २०२२ ची हाइझमन ट्रॉफी मिळवली होती. जी सवय तिथे कामाला आली ती एनएफएलच्या वेगापुढे महाग पडली. अशी सवय माणसाबरोबर संघ बदलते. रसेल विल्सन सिअॅटल, डेन्व्हर, पिट्सबर्ग असा फिरला, लाइन तिन्हीकडे वेगळी, सॅक सगळीकडे भरपूर. म्हणून दबाव आलेल्या खेळांपैकी कितींचा सॅक होतो, हे प्रमाण मी गंभीरपणे घेतो. दबावाखालच्या पूर्ण पासची टक्केवारी मात्र मी जपून वापरतो. ती एका हंगामातून दुसऱ्या हंगामात फार हेलकावे खाते, आणि तुझ्याकडे तर तीनच सामने आहेत. सामन्याला तीसेक वेळा तुमचा क्वार्टरबॅक पाससाठी मागे सरला आणि त्यातल्या तिसऱ्या हिश्श्यात दबाव आला असं धरलं, तरी सगळे मिळून तीसच खेळ होतात. त्यातले दोन झेल रिसीव्हरने सोडले तरी तुझा निष्कर्ष उलटतो. पॉकेट (लाइनने त्याच्याभोवती राखलेली जागा) शाबूत असताना तो कसा खेळतो, हा त्यापेक्षा खूप भरवशाचा पाया आहे, आणि तुझ्याच नोंदींनुसार तिथे तो उत्तम आहे. टिपणात ही गोष्ट तू एका ओळीत उरकलीस.

लाइन बदलली की काय होतं तेही बघ. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीचे दोन्ही नेहमीचे टॅकल (लाइनच्या दोन टोकांचे खेळाडू) जखमी होते. खुद्द पॅट्रिक महोम्स २९ वेळा दबावात सापडला आणि संघ ३१-९ असा हरला. पुढच्या महिन्यात त्यांनी डावा गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा खेळाडू) म्हणून जो थुनीला आणलं, लाइन नव्याने उभी केली. दोन वर्षांनी, नियमित हंगामात ७० सॅक करून आलेल्या फिलाडेल्फियाला त्याच महोम्सचा सुपर बोलमध्ये एकही सॅक मिळाला नाही. मार्च २०२५ मध्ये हाच थुनी शिकागोला आला, सोबत नवा सेंटर (लाइनच्या मधला खेळाडू), दुसरा नवा गार्ड आणि प्रशिक्षक बेन जॉन्सन. विल्यम्सचे सॅक निम्म्याहूनही कमी झाले. पूर्ण पासची टक्केवारी मात्र ६२.५ वरून ६० च्या खाली आली. घाबरू नकोस, यातला एक भाग शिकण्याचाच आहे: बाहेर फेकून दिलेला चेंडू अपूर्ण पास म्हणूनच मोजला जातो.

आता तुझ्या टिपणातल्या मुलाकडे ये. टीव्हीचं दृश्य सोड आणि एंड झोनमागच्या, म्हणजे मैदानाच्या टोकामागच्या, कॅमेऱ्याची फिल्म घे. लाइनमध्ये कुठे फट पडली ते फक्त तिथून दिसतं. पहिल्यांदा चेंडूकडे बघूच नकोस, त्याच्या पायांकडे बघ. टॅकल क्वार्टरबॅकच्या ठरलेल्या जागेचा अंदाज धरून समोरच्याला बाहेरून फिरवत असतो. हा मुलगा आठ यार्डांवर थांबण्याऐवजी दहा-अकरापर्यंत मागे वाहवत गेला, तर कडेने येणाऱ्याला सरळ वाट मिळते आणि चूक टॅकलची दिसते. दुसऱ्या सामन्यातले दोन सॅक मला तसे वाटले. उलट पहिल्या सामन्यातला चौथ्या क्वार्टरमधला सॅक, ज्यावर तू लाल खूण केलीस, त्यात सेंटर आणि गार्ड एकाच माणसावर गेले आणि दुसरा मोकळा आत आला. तिथे जगातला कुणीही पडला असता.

मग हेल्मेटची दिशा बघ. दबाव जाणवल्यावर नजर मैदानावर पुढे राहते, की अंगावर येणाऱ्याकडे खाली जाते? नजर खाली जाणं मला खरंच काळजीचं वाटतं, कारण ते सुधारायला वेळ लागतो. या मुलाची नजर तिसऱ्या सामन्यात दोनदा खाली गेलेली मला दिसली, दोन्ही वेळा लागोपाठ मार खाल्ल्यानंतर. ते लिही, असंच, प्रसंगासकट.

आणि एक चौकशी उद्याच कर. तुमच्या संघात स्नॅपआधी (चेंडू खेळात येण्याआधी) प्रोटेक्शन, म्हणजे कुणी कुणाला अडवायचं, हे कोण ठरवतं, सेंटर की क्वार्टरबॅक? लाइनच्या प्रशिक्षकांना विचारलंस तर ते आनंदाने सांगतील. त्यांना कुणी काही विचारत नाही. मोकळा सुटलेल्या माणसाचे पाच सॅक कुणाच्या नावावर घालायचे हे त्या उत्तरावर ठरेल. उत्तर आलं की मला फोन कर, रविवारी आपण ते पाचही खेळ एकत्र बघू.

तुझा,
काका