'गॅरंटी' केबिन घेण्याआधी हे वाचा: लहान मुलं आणि क्रूझ

तुमचा प्रश्न वाचला आणि आमची ती क्रूझ जशीच्या तशी डोळ्यांसमोर आली. तुमचा सहा वर्षांचा मुलगा, दीड वर्षाची मुलगी, सात रात्रींचा प्रवास. बुकिंग करून देणारे म्हणतात, 'गॅरंटी'मध्ये दोन केबिन घ्या, स्वस्तात बसतील आणि जोडूनच मिळतील. तुम्ही विचारलंय ते मात्र वेगळंच: बाल्कनी घ्यावी की इनसाइड (बिनखिडकीची केबिन) चालेल, आणि पाळणा मावेल का. दोन्हीची उत्तरं देते. पण पैसे भरले नसतील तर आधी त्या 'गॅरंटी'पाशी थांबा.

क्रूझच्या व्यवहारात गॅरंटी म्हणजे तुम्ही निवडलेल्या प्रकारातली किंवा त्याहून वरच्या प्रकारातली कुठली तरी एक केबिन नक्की मिळेल, एवढंच. कुठल्या डेकवर, पुढे की मागे, कोणाच्या शेजारी, हे कंपनी ठरवते. कधीकधी तर निघायला थोडेच दिवस उरलेले असताना ठरवते. दोन केबिन घेतल्या की दोन वेगवेगळ्या गॅरंट्या झाल्या. त्या एकमेकींजवळ असतील असं कोणीच कबूल केलेलं नसतं. दोघंच जाणार असाल तर हा प्रकार चांगला आहे, मी स्वतः घेईन. पण लहान मुलं आणि दोन केबिन असतील तर अजिबात नको.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. थोरला तेव्हा पाच वर्षांचा, धाकटी चौदा महिन्यांची आणि अजून अंगावर पिणारी. आमच्या बुकिंग एजंटच्या ऑफिसात समोर बसून मी तीनदा विचारलं, "जोडून मिळतील ना?" तिन्ही वेळा "हो हो, जोडूनच" असं उत्तर आलं. ते मी लिहून घेतलं नाही. सगळ्या प्रवासात आम्हाला सर्वांत महाग पडली ती हीच चूक. निघायच्या पाच दिवस आधी नंबर आले: एक केबिन दुसऱ्या डेकवर पुढच्या टोकाला, दुसरी नवव्या डेकवर पार मागे.

ऑफिसला फोन केला. "जहाजावर गेल्यावर रिसेप्शनला सांगा, ते लगेच बदलून देतात." मग थेट क्रूझ कंपनीला फोन लावला. तिथे कळलं की बुकिंग एजंटमार्फत झालंय, त्यामुळे कंपनी आमच्या सांगण्यावरून त्याला हात लावू शकत नाही, बदल एजंटनेच करायला हवा. परत ऑफिस. "साहेब बाहेर आहेत." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाच दिवस असे फोन करण्यात गेले.

जहाजावर चढल्याबरोबर मुलीला कडेवर घेऊन रिसेप्शनच्या रांगेत उभी राहिले. जहाज पूर्ण भरलेलं होतं. मी म्हटलं, मग आम्ही चौघं एकाच केबिनमध्ये दाटीवाटीने राहतो. नवव्या डेकवरची केबिन दोघांपुरतीच होती. दुसऱ्या डेकवरच्या केबिनमध्ये भिंतीतून उघडणारे दोन बंक होते, तरीही नकार आला. तेव्हा पहिल्यांदा कळलं की प्रत्येक केबिन एका ठरावीक मस्टर स्टेशनला (संकटात जमायच्या जागेला) आणि लाइफबोटीला जोडलेली असते. त्या भागातल्या बोटींची माणसं भरली की बंक रिकामा असला तरी तिथे माणूस वाढवता येत नाही. कडेवरचं बाळसुद्धा एक माणूस म्हणूनच मोजतात. रिसेप्शनवरच्या मुलीने हे शांतपणे समजावलं आणि नियम योग्यच आहे. ही माहिती मला दोन महिने आधी, पैसे घेताना द्यायला हवी होती, माझी तक्रार तेवढीच.

पुढच्या सात रात्री मी धाकटीबरोबर वर आणि नवरा थोरल्याबरोबर खाली. थोरला रात्री दोनला उठून आई हवी म्हणून रडायचा आणि नवरा त्याला उचलून लांबच लांब कॉरिडॉर पार करत लिफ्टने सात डेक वर आणायचा. चौथ्या रात्री धाकटीला ताप भरला आणि तापाचं औषध खालच्या केबिनमधल्या बॅगेत. फोन केला तर थोरला घाबरून जागा झाला. त्या रात्री चौघांपैकी कोणीच झोपलं नाही. आजही त्या सहलीचं नाव काढलं की मुलाला समुद्र आठवत नाही, तो रात्रीचा कॉरिडॉर आठवतो. याचं मला अजून वाईट वाटतं.

परत आल्यावर ऑफिसला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींचं: केबिन क्रमांक कंपनी ठरवते ही अट तुम्ही मान्य केली आहे. होती ती अट, बारीक अक्षरात. वाचायला हवी होती, मान्य. पण जो माणूस रोज हेच विकतो, त्याने दोन लहान मुलांची आई तीनदा विचारत असताना खरं सांगायला नको का?

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात ठाम सांगणं: पैसे भरण्याआधी दोन्ही केबिनचे नंबर लेखी घ्या. आणि 'जोडून' हा शब्द वापरूच नका, त्याचे दोन अर्थ होतात. कनेक्टिंग म्हणजे दोन केबिनच्या मधल्या भिंतीत दार असतं. ॲडजॉइनिंग म्हणजे नुसत्या शेजारशेजारच्या, एकीतून दुसरीत जायचं तर कॉरिडॉरमधूनच. तुमच्या मुलांच्या वयाला मधलं दारच हवं. नंबर मिळाले की त्याच जहाजाचा डेक प्लॅन उघडा. कनेक्टिंग केबिनच्या मध्ये छोटा बाण किंवा तत्सम खूण असते, अर्थ खाली सूचीत दिलेला असतो. खूण दिसली नाही तर मधे दार नाही असंच समजा, मग फोनवर कोणी काहीही सांगो. या केबिन मोजक्या असतात आणि लवकर जातात, त्यामुळे 'शेवटच्या क्षणी स्वस्तात' हा मोह इथे नको.

नंबर हातात आल्यावर आणखी एक: बुकिंगवर 'अपग्रेड नको' अशी नोंद करायला सांगा. पुढच्या क्रूझच्या वेळी आम्हाला एका केबिनसाठी वरच्या डेकवर फुकट बाल्कनी देऊ केली होती. ऐकायला छान वाटतं, पण होकार दिला असता तर मधलं दार गेलं असतं.

बहुतेक कंपन्या प्रत्येक केबिनमध्ये एका मोठ्या माणसाचं नाव मागतात. आईबाबांच्या शेजारच्या केबिनला काही ठिकाणी सूट मिळते, ती ज्या-त्या कंपनीला विचारा. कागदावर एक मोठं आणि एक मूल अशी विभागणी केली की प्रश्न मिटतो. दार उघडल्यावर कोण कुठे झोपतं ते तुमचं तुम्ही बघा. दोन्ही मोठ्यांसाठी दोन्ही केबिनच्या चाव्या मात्र पहिल्याच दिवशी मागून घ्या.

आता जागा. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर हलणं सर्वांत कमी जाणवतं. टोकांना वरखाली जास्त होतं आणि जितकं वर जावं तितकं डुलणं वाढतं. स्टॅबिलायझर (जहाजाच्या दोन्ही बाजूंचे पाण्याखालचे पंख) डुलणं कमी करतात, जहाजाचं पुढचं टोक वरखाली होतं त्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. आमची पहिली केबिन खाली पण अगदी पुढे होती आणि बंदरात शिरताना भल्या पहाटे थ्रस्टरच्या (जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्यांच्या) घरघरीने भिंत थरथरायची. केबिन निवडताना फक्त तिचाच डेक बघू नका, वरचा आणि खालचाही बघा. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली थिएटर किंवा डान्स क्लब असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढमढम. मुलांच्या केबिनच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेल्या बऱ्या. प्लॅनवर मोठा रिकामा, नाव नसलेला चौकोन दिसला तर तिथे कर्मचाऱ्यांच्या कामाची जागा असू शकते, मी ती टाळते.

बाल्कनी की इनसाइड? हे माझं मत आहे, सगळ्यांना पटणार नाही, पण तेवढ्याच पैशात चौघांची एक बाल्कनी केबिन किंवा दोन कनेक्टिंग इनसाइड मिळत असतील तर मी डोळे मिटून दोन इनसाइड घेईन. दोन बाथरूम, दोन दिवे. मुलं झोपली की मधलं दार लोटून आपण दिवा लावून बसू शकतो. एका केबिनमध्ये रात्री आठनंतर आईबाप अंधारात कुजबुजत बसतात. खिडकी नसल्याने दुपारची झोपही छान लागते, मात्र रात्री काहीच दिसत नाही, छोटा नाइट लॅम्प न्याच. मुलांना बंद खोली आवडणार नाही अशी भीती असेल तर काही जहाजांवर इनसाइड केबिनमध्येही पडद्यावर बाहेरचं थेट दृश्य दिसतं. २०११ साली आलेल्या डिस्ने ड्रीम या जहाजावर त्यासाठी गोल खिडकीसारखा पडदा आहे.

ज्यांना मूल झोपल्यावर मोकळ्या हवेत बसायचंय त्यांनी बाल्कनी जरूर घ्यावी, त्यांचं गणित वेगळं. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्याने तिथल्या बंदरांतून प्रवासी नेणाऱ्या मोठ्या जहाजांवर कठडा किमान ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर उंच लागतो. दीड वर्षाच्या मुलीला तो पुरेसा आहे. सहा वर्षांच्या मुलाला खुर्ची मिळाली की तो पुरत नाही. खुर्च्या आत घ्या किंवा अटेंडंटला काढून न्यायला सांगा. दाराची वरची कडी पहिल्याच दिवशी तपासा आणि चालत नसेल तर लगेच दुरुस्त करून मागा. दोन बाल्कन्यांमधलं पार्टिशन उघडून देतात बऱ्याच ठिकाणी, पण या वयात मी ते बंदच ठेवेन.

बंकवर सहा वर्षांखालच्या मुलांना झोपवू नका असं बऱ्याच कंपन्या स्वतःच सांगतात. तुमचा मुलगा नुकताच सहाचा झालाय, त्यामुळे झोपेत लोळणारा असेल तर खालचा बिछानाच द्या. बाथरूममध्ये बहुतेक ठिकाणी फक्त शॉवर असतो. डिस्नेच्या बऱ्याच केबिनमध्ये टब असतो, नसेल तिथे हवा भरायचा छोटा टब बॅगेत टाका. पोहण्याचे डायपर घातले तरी बहुतेक जहाजांवर मुख्य पूलमध्ये बाळाला सोडत नाहीत, हे मुलीला पाणी दाखवण्याआधी विचारून घ्या, नाहीतर रडारड होते. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी असतात, चुंबकाचे हुक न्या, ओले कपडे आणि टोप्या जमिनीवरून वर जातात. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, तपासणीत काढून घेतात.

राहिला पाळणा. बुकिंग करतानाच नोंदवा आणि निघण्याआधी एकदा खात्री करा, जहाजावर ते मोजकेच असतात. मावतो, पण उघडला की चालायला जागा राहत नाही. दोन सिंगल बेड एकत्र करून डबल केलेला असतो. अटेंडंटला ते वेगळे करून दोन्ही भिंतींना लावायला सांगा, मधे बरोबर पाळण्यापुरती जागा निघते आणि मुलगी रात्री उठली तर हात लावण्याइतकी जवळ असते.