"त्याला माफी मिळाली आहे" असं कुणी सांगितलं, तर आधी विचारा: कशासाठी?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी परत परत वाचलं: "त्या अधिकाऱ्याला माफी मिळालेली आहे, आता फाईल बंद, असं ऑफिसात सांगितलं." अगदी हेच वाक्य आम्हाला २००२ च्या सुमारास ऐकवलं गेलं होतं. म्हणून जरा लांब लिहिते आहे. शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: ताईंच्या यजमानांचे काका वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत सुरक्षा पोलिसांच्या कोठडीत वारले. तेव्हाच्या चौकशीत "आत्महत्या" अशी नोंद झाली. आता कुटुंबाला कागद हवे आहेत आणि पुढे काही करता येईल का ते जाणून घ्यायचं आहे. त्या काळातले राजकीय गुन्हे उघडपणे सांगणाऱ्यांना माफी देणारा, बिशप टुटूंच्या अध्यक्षतेखालचा सत्य आणि सलोखा आयोग, त्याबद्दल कुठेही वाचायला मिळेल, त्यात शिरत नाही. मी वकील नाही. माझं सासर केपटाऊनचं, अथलोन भागातलं. सासऱ्यांचे आजोबा रत्नागिरीकडून तिकडे गेलेले, घरात अजून मोडकी कोकणी बोलली जाते. खाली लिहिलेलं सगळं त्या घरातले कागद हाताळताना कळलेलं आहे. अंतिम सल्ला तिथल्या वकिलाचाच घ्या.

मुळात माफी माणसाला मिळालेलीच नाही, ती एकेका कृत्याला मिळाली. आयोग ज्याने स्थापन झाला त्या १९९५ च्या ३४ व्या कायद्याचं कलम २० काढून बघा. कृत्य १ मार्च १९६० ते १० मे १९९४ या काळातलं हवं, त्यामागे राजकीय उद्देश हवा, ते स्वतःच्या फायद्यासाठी किंवा वैयक्तिक आकसापोटी केलेलं नको, आणि अर्जदाराने त्या कृत्याबद्दलची सगळी खरी माहिती उघड केलेली हवी. जे कृत्य अर्जात सांगितलंच नाही, त्याची माफी नाही. इतकं सरळ आहे.

याची दोन उदाहरणं तिथल्या प्रत्येक वकिलाला पाठ असतात. माजी पोलीसमंत्री अॅड्रियान फ्लोक यांना जोहान्सबर्गच्या खोत्सो हाऊसमधल्या (चर्च परिषदेचं मुख्यालय) १९८८ च्या बॉम्बस्फोटासाठी माफी मिळाली. पण वर्णभेदविरोधी धर्मगुरू रेव्हरंड फ्रँक चिकाने यांच्या कपड्यांत विष घालण्याच्या प्रकरणासाठी त्यांनी अर्ज केला नव्हता. त्यासाठी २००७ मध्ये त्यांच्यावर आणि माजी पोलीस आयुक्त योहान फान डर मेर्वे यांच्यावर खटला झाला, दोघांनी गुन्हा कबूल केला आणि दहा-दहा वर्षांची स्थगित शिक्षा घेतली. स्थगित का, यावर मी बोलायला लागले तर थांबणार नाही, म्हणून सोडून देते. दुसरं उदाहरण फ्लाकप्लास या पोलिसांच्या मारेकरी पथकाचा प्रमुख यूजीन द कॉक. त्याला कितीतरी कृत्यांची माफी मिळाली, तरी सगळ्यांची मिळाली नाही, म्हणून तो २०१५ मध्ये पॅरोल मिळेपर्यंत तुरुंगातच होता.

तेव्हा तुम्हाला कुणी "माफी मिळाली" असं म्हटलं, तर पुढचा प्रश्न एकच: कोणत्या कृत्यासाठी, कोणत्या तारखेचं, कोणाविरुद्ध? हे गुपित नाही. त्याच कायद्यात लिहिलंय की माफी मिळालेल्याचं पूर्ण नाव आणि ते कृत्य ओळखू येईल इतकी माहिती राजपत्रात जाहीर करायची. आयोगाच्या माफी समितीच्या प्रत्येक निर्णयाला क्रमांक असतो: आधी 'एसी', मग वर्ष, मग आकडा. तो क्रमांक मागा. क्रमांक सांगता येत नसेल, तर समोरच्या माणसाने निर्णय वाचलेलाच नाही असं धरून चाला.

आता आमचं काय झालं ते सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच झालं.

माझे सासरे शाळामास्तर. ऑक्टोबर १९८५ मध्ये आणीबाणी केपकडे लागू झाली आणि पुढच्याच महिन्यात त्यांना घरातून उचललं. स्पेशल ब्रँचने (म्हणजे सुरक्षा पोलिसांनी, आमच्याकडे अजून हाच शब्द चालतो) काय केलं ते त्यांनी मुलांना कधी नीट सांगितलं नाही. पण जुलै १९९७ मध्ये केपटाऊनच्या सुनावणीत जेफ्री बेन्झीन या सुरक्षा पोलिसाने ओल्या पिशवीने छळ करण्याची पद्धत करून दाखवली: एक माणूस जमिनीवर पालथा, हा त्याच्या पाठीवर बसलेला, आणि डोक्यावरून ओढून घट्ट धरलेली कापडी पिशवी. 'दाखव' असं सांगणारे वर्णभेदविरोधी कार्यकर्ते टोनी येंगेनी स्वतः त्या पिशवीखालून गेलेले होते. टीव्हीवर ते चालू असताना सासरे उठून बाहेर गेले. त्यानंतर सासूबाईंनी विषय लावून धरला की ज्याने यांना असं केलं त्याचं नाव आपल्याला माहीत आहे, त्याने अर्ज केला होता का ते बघा.

बेन्झीनला १९९९ मध्ये माफी मिळाली, तीसुद्धा तरुण कार्यकर्ते ॲश्ली क्रील यांच्या हत्येसाठी आणि ज्यांचा छळ केला त्या नावानिशी सांगितलेल्या लोकांच्या प्रकरणांसाठी. म्हणजे समितीचं काम नावागणिक चाललेलं होतं. पण तेव्हा हा फरक आम्हाला कुणी सांगितला नाही. सासऱ्यांना छळणारा पोलीस वेगळा होता. नवरा एका सरकारी कार्यालयात गेला (कोणतं ते लिहीत नाही, तिथली माणसं बदलली असतील), तर खिडकीतल्या बाईंनी कॉम्प्युटरवर नाव टाकलं, मान वर केली आणि सांगितलं, "ॲम्नेस्टी ग्रँटेड. मॅटर क्लोज्ड." नवऱ्याने लेखी मागितलं. लेखी देण्याची गरज नाही, म्हणाल्या, कारण प्रकरणच उरलेलं नाही. नंतर पत्रं पाठवली त्यांना उत्तर नाही. फोन केला की दुसऱ्या खात्याकडे बोट, त्या खात्याकडून पुन्हा पहिल्याकडे.

कितीतरी वर्षांनी एका ओळखीच्या संशोधकाने तो निर्णय शोधून दिला. त्या पोलिसाला माफी होती खरी, पण दोन भलत्याच प्रकरणांसाठी. सासऱ्यांचं नाव अर्जात नव्हतं, सुनावणीत नव्हतं, निर्णयात नव्हतं. त्यांच्याबद्दल तो एक अक्षर बोललेला नव्हता.

आणि तोवर मुदत गेलेली होती. दक्षिण आफ्रिकेत १९७७ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १८ प्रमाणे बहुतेक गुन्ह्यांवर वीस वर्षांनंतर खटला भरता येत नाही. खून, अपहरण, बलात्कार असे काही गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. मारहाण वगळलेली नाही. छळाचा वेगळा गुन्हा तेव्हाच्या कायद्यात नव्हताच, तो २०१३ मध्ये आला आणि मागच्या काळाला लागू नाही. म्हणजे १९८५ च्या छळावर २००५ पर्यंतच काही करता आलं असतं. खिडकीतलं ते वाक्य आम्ही ऐकलं तेव्हा तीन वर्षं हातात होती. तीन वर्षांत खटला उभा राहिला असता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, अशी प्रकरणं तिथली सरकारी वकिली तेव्हा पुढेच नेत नव्हती. पण अर्ज देण्याचा हक्क तरी शाबूत होता. तो एका तोंडी वाक्याने गेला. सासरे २००९ मध्ये वारले. ही चीड माझ्या मनातून जात नाही आणि जावी असं मला वाटतही नाही.

माफीच्या कल्पनेलाच माझा विरोध आहे असं समजू नका. घरात यावर खूप वाद झाले. वर्णभेदाच्या काळात मारले गेलेले कार्यकर्ते बिको, म्खेंगे आणि रिबेरो यांच्या कुटुंबीयांनी माफीचं कलम घटनाबाह्य ठरवा म्हणून दावा लावला होता. जुलै १९९६ मध्ये घटना न्यायालयाने तो फेटाळला. न्यायमूर्ती इस्माईल महमद यांचं निकालपत्र वाचा, त्यात कुटुंबांचं दुःख नाकारलेलं नाही, पण सत्य बाहेर यायचं असेल तर ही किंमत आहे असं म्हटलंय. सासरे त्या बाजूचे होते. मीही आहे, पण एका अटीवर: ज्याने सत्य सांगितलं तो सुटला, तर ज्याने सांगितलं नाही त्याच्यावर खटला व्हायलाच हवा. सौद्याचा हा दुसरा भाग सरकारने पाळला नाही. सुमारे ७,११२ अर्ज आले, त्यांतले ५,३९२ फेटाळले गेले आणि ८४९ मंजूर झाले, असे आयोगाचे आकडे आहेत (फेटाळलेल्यांत राजकारणाशी काही संबंध नसलेले कैदी पुष्कळ होते, हेही लक्षात ठेवा). खटल्यासाठी आयोगाने पुढे पाठवलेली तीनशेच्या आसपास प्रकरणं वर्षानुवर्षं धूळ खात पडली. ती मुद्दाम दाबली का, हे तपासायला २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी न्यायमूर्ती सिसी खाम्पेपे यांचा आयोग नेमला, तोही कुटुंबं कोर्टात गेल्यावर.

१९७७ मध्ये पोलीस कोठडीत मृत्यू आलेल्या स्टीव्ह बिकोंचंच बघा. पाच पोलिसांनी अर्ज केला, पण झटापटीत डोकं भिंतीवर आपटलं एवढंच म्हणाले. गुन्हा कबूल करायचा नाही आणि माफी मागायची! १९९९ मध्ये अर्ज फेटाळले. पुढे खटला? २००३ मध्ये सांगण्यात आलं की खुनाला पुरावा पुरेसा नाही आणि बाकी आरोपांची मुदत संपली. तेच वीस वर्षांचं कलम. सप्टेंबर २०२५ मध्ये, मृत्यूला ४८ वर्षं होताना, चौकशी पुन्हा उघडली.

आता तुमच्या प्रकरणाकडे. आमच्यापेक्षा तुमची स्थिती वेगळी आहे, कारण तुमच्याकडे मृत्यू आहे. खुनाला मुदत नाही. आणि जुनी "आत्महत्या" पुसता येते, ते झालेलं आहे. अटकेत असलेले कार्यकर्ते अहमद तिमोल १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या जॉन फोर्स्टर स्क्वेअर या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून पडले, १९७२ च्या चौकशीत आत्महत्या ठरली. त्यांचे भाचे इम्तियाझ काजी वर्षानुवर्षं मागे लागले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायमूर्ती बिली मोटले यांनी तो खून होता असा निकाल दिला. डॉ. हूसेन हाफेजी हे सव्वीस वर्षांचे दंतवैद्य, ऑगस्ट १९७७ मध्ये अटकेनंतर चोवीस तासांच्या आत डर्बनच्या ब्रायटन बीच पोलीस ठाण्यात मृत. पँटचा गळफास लावून घेतला म्हणाले, आणि अंगावर जखमा साठच्या आसपास! २०२३ मध्ये हायकोर्टाने ती आत्महत्या नव्हती, पोलिसांनी मारलं, असं ठरवलं. यासाठीचा रस्ता म्हणजे मृत्यूंच्या चौकशीच्या (इन्क्वेस्ट) कायद्याचं कलम १७ अ: सरकारी अभियोक्त्यांची शिफारस, मग मंत्र्यांची विनंती, मग न्यायाधीशाची नेमणूक. वेळ लागतो.

आणि वेळच नाही, हे कठोर वाटलं तरी लिहिते. तिमोल प्रकरणातला पोलीस जुआव रॉड्रिग्ज याच्यावर २०१८ मध्ये खुनाचा आरोप ठेवला, त्याने खटला थांबवा म्हणून अपिलांवर अपिलं केली, ती हरला आणि २०२१ मध्ये खटला उभा राहण्याआधी वारला. हाफेजींची चौकशी करणारा जेम्स टेलर २०१९ मध्येच गेला होता. तुमचा तो अधिकारी हयात आहे का ते आजच शोधा. काकांना ओळखणारे, त्यांच्यासोबत अटकेत असलेले जे कुणी उरले असतील त्यांचं प्रतिज्ञापत्र आधी करून घ्या, कागद नंतर.

कागदांसाठी अर्ज तिथल्या २००० च्या माहिती अधिकार कायद्याखाली, ठरलेल्या नमुन्यातच करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर कायदा तो नकार मानतो आणि पुढे जाता येतं. म्हणून उत्तर न येणं हेसुद्धा तारखेनिशी नोंदवून ठेवा. अर्जात "माफीची फाईल द्या" असं मोघम लिहू नका. मूळ अर्ज, त्याला जोडलेलं कृत्यांचं वर्णन, सुनावणीचं शब्दांकन आणि निर्णय, असं वेगवेगळं मागा. सुनावण्यांची शब्दांकनं न्याय खात्याच्या संकेतस्थळावर आहेत, तिथे आपली नावं कशीही टाईप केलेली असतात. एकाच आडनावाची चार स्पेलिंगं करून शोधा, गावाच्या आणि पोलीस ठाण्याच्या नावानेही शोधा. पुष्कळ साक्षी आफ्रिकान्समधून दुभाष्याने इंग्रजीत केलेल्या आहेत, तारखा आणि नावं तिथे घसरतात.

अजून एक खूण. छळ, हत्या, अपहरण यांचा अर्ज असेल तर सुनावणी जाहीर घ्यायची आणि पीडिताच्या कुटुंबाला कळवायचं, असं कायद्यात होतं. तुमच्या घरी तशी नोटीस कधी आली होती का, सासूबाईंना विचारा. आली नसेल तर काकांबद्दल अर्जच नसण्याची शक्यता बरीच आहे. पण एवढ्यावर विसंबू नका, घरं बदलली, पत्ते चुकले असंही झालंय.

निर्णयात खरोखरच काकांचं नाव निघालं, तर मात्र खटला नाही आणि भरपाईचा दावाही नाही, त्या पोलिसावर नाही आणि सरकारवरही नाही. तेही कलम २० मध्येच आहे. चौकशीची नोंद दुरुस्त करण्याबद्दल तेव्हासुद्धा वकिलाला विचारा. भरपाईच्या यादीची आशा धरू नका: १५ डिसेंबर १९९७ पर्यंत ज्यांनी आयोगाकडे निवेदन दिलं त्यांचाच विचार झाला आणि त्यांनाही २००३ मध्ये एकरकमी ३०,००० रँड देऊन विषय संपवला. सासऱ्यांनी निवेदन दिलं नव्हतं, म्हणून सरकारदरबारी ते पीडितच नाहीत.

जोहान्सबर्गच्या फाउंडेशन फॉर ह्यूमन राइट्सने अशा कुटुंबांना बरीच मदत केली आहे, लीगल रिसोर्सेस सेंटरलाही लिहून बघा. त्या ऑफिसात परत जायचंच असेल तर एकट्या जाऊ नका, प्रश्न लेखी घेऊन जा आणि पोच घ्या. राजपत्रातली नोंद किंवा 'एसी' क्रमांक हाती आला की इथेच टाका (काकांचं नाव झाकून), कृत्यांची यादी कशी वाचायची ते मी सांगेन.