लिगामेंट म्हणजे नेमकं काय? सांध्यात आणि मणक्यात त्यांचं काम काय असतं?

तुम्ही लिहिलंय की जिना उतरताना घोटा मुरगळला, एक्स-रेत हाड शाबूत निघालं आणि डॉक्टर 'लिगामेंटला मार आहे, सहा आठवडे जपा' एवढं सांगून मोकळे झाले. हाड नाही, स्नायू नाही, मग हे मधलं काय असतं, पाठीतही असतं का, आणि बरं व्हायला मोडलेल्या हाडाइतका वेळ का लागतो, असे तुमचे प्रश्न. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसातून दोनतीनदा तरी हे कुणाला ना कुणाला समजावते, तेव्हा इथेही प्रयत्न करते.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. सांध्याजवळ काहीही दुखलं की लोक 'शीर ताणली' नाहीतर 'नस चढली' म्हणतात. शीर म्हणजे रक्तवाहिनी. तिचा तुमच्या दुखण्याशी संबंध नाही. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा, म्हणजे टेंडन. टाचेच्या वर चिमटीत धरता येते ती. हाडाला हाडाशी बांधतं ते लिगामेंट, पुस्तकी मराठीत अस्थिबंध. दोन्ही मुख्यत्वे कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांचीच असतात, पण काम निराळं. स्नायू आखडला की कंडरा ओढली जाते आणि सांधा हलतो. लिगामेंट स्वतःहून काहीच हलवत नाही. एका ठरावीक दिशेला ते सांध्याला जाऊ देत नाही, बस्स.

शिकताना मी यांची नावं ढिगाने घोकली होती आणि परीक्षेनंतर त्यातली बहुतेक विसरले. पुढे एका सरांनी सवय लावली: प्रत्येक लिगामेंटपाशी थांबायचं आणि विचारायचं, हे कापलं तर सांधा कुठे पळेल? त्यानंतर नावं आपोआप डोक्यात राहिली.

गुडघ्याला हा प्रश्न विचारा. मांडीच्या हाडाची गोल टोकं नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. हाडांच्या आकाराने तो सांधा धरून ठेवणं शक्यच नाही. म्हणून आत दोन लिगामेंट फुलीसारखी एकमेकांना छेदतात आणि दोन्ही बाजूंना एकेक असतं. फुलीतलं पुढचं, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याच्या पिळालाही आवर घालतं. मागचं त्याहून जाड, ते नडगीला मागे जाऊ देत नाही. धावता धावता पाय रोवून अंग वळवलं, 'टक्' असं काही ऐकू आलं आणि तासा-दोन तासांत गुडघा टम्म सुजला, तर पहिला संशय एसीएलवर जातो. असा माणूस नंतर सरळ रस्त्यावर छान चालतो, पण वळला की गुडघा निसटतो. (गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची एक पट्टी पॉल सेगाँ या फ्रेंच शल्यविशारदाने १८७९ मध्येच नोंदवली होती. २०१३ मध्ये बेल्जियमच्या डॉक्टरांनी तिचं नीट वर्णन केलं, तेव्हा 'शरीरात नवं लिगामेंट सापडलं' अशा बातम्या झळकल्या!)

खुब्याचं लिगामेंट माझं आवडतं. उलट्या वाय अक्षरासारखा हा पट्टा सांध्याच्या पुढून जातो आणि शरीरातलं सगळ्यात बळकट लिगामेंट म्हणून ओळखला जातो. आपण ताठ उभे असतो तेव्हा वरच्या शरीराचा भार खुब्याच्या किंचित मागे पडतो, म्हणजे धड मागे कलंडायला हवं. हा पट्टा ताणला जातो आणि ते तोलून धरतो. रांगेत तासभर उभं राहताना खुब्याचे स्नायू फारसे थकत नाहीत ते यामुळे. खांद्याचं गणित अगदी उलट आहे. तिथे हात सगळीकडे फिरायला हवा म्हणून लिगामेंट सैल ठेवलेली आहेत आणि सांधा स्नायूंच्या भरवशावर सोडलेला आहे. मोठ्या सांध्यांत खांदाच सर्वाधिक निखळतो याचं नवल नाही.

आता तुमचा घोटा. आतल्या बाजूला एक जाड, पंख्यासारखा पट्टा असतो, तो सहसा दाद देत नाही. बाहेरच्या बाजूला तीन वेगळ्या पट्ट्या असतात आणि त्यांतली पुढची सगळ्यात नाजूक. पाय आत वळला की आधी तीच जाते. पण जिना उतरतानाच का? घोट्यातलं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद आहे. पाऊल वर उचललेलं असताना रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. उतरताना बोटं खाली झुकतात, अरुंद भाग खाचेत येतो, हाडांची पकड ढिली होते आणि सगळी भिस्त लिगामेंटवर पडते. त्या क्षणी पायरीचा अंदाज चुकला की झालं.

पाठीत लिगामेंट असतात का? पाठीचा कणा त्यांच्याशिवाय उभाच राहणार नाही. ३३ मणके, त्यांतले वरचे २४ सुटे, खालचे एकमेकांना जुळलेले. या माळेच्या पुढून एक रुंद पट्टा कवटीच्या तळापासून त्रिकास्थीपर्यंत, म्हणजे कमरेखालच्या जुळलेल्या मणक्यांच्या हाडापर्यंत, उतरतो. तो कण्याला जास्त मागे वाकू देत नाही. दुसरा मणक्यांच्या मागून, मज्जारज्जूच्या पोकळीतून जातो आणि पुढे वाकण्याला लगाम घालतो. हा दुसरा कमरेपाशी अरुंद होत जातो. म्हणूनच तिथली गादी सरकते तेव्हा बरोबर मध्यातून न येता बहुतेकदा मागच्या बाजूला, एका कडेने बाहेर येते, आणि पायाकडे जाणारी नस (इथे रक्तवाहिनी नव्हे, संवेदना नेणारी चेता) नेमकी तिथेच असते. कमरेचं दुखणं पोटरीत उतरतं ते असं.

मणक्यांच्या मागच्या कमानींना जोडणारं लिगामेंट चक्क पिवळं असतं. शवविच्छेदनात पांढऱ्या पट्ट्यांच्या गर्दीत ते दिसलं तेव्हा मला वाटलं चरबीच असेल. हा रंग इलॅस्टिन या लवचिक प्रथिनाचा. इतर बहुतेक लिगामेंटमध्ये ते थोडंच असतं, यात जवळपास ८० टक्के. कारण साधं आहे. वाकून पुन्हा सरळ झाल्यावर एखादा साधा पट्टा सैल पडून पोकळीत चुणला असता आणि मज्जारज्जूवर दाबला गेला असता. हे मात्र रबरासारखं परत आखडतं. वय वाढलं की त्याचा लवचिकपणा जातो, ते जाड होतं आणि पोकळी आवळते. काही वयस्क माणसांचे पाय चालताना जड पडतात, पण ढकलगाडीवर पुढे रेलून चाललं की बरं वाटतं. पुढे झुकल्यावर ते लिगामेंट ताणलं जातं आणि आतली जागा वाढते. कमरेतून इंजेक्शन देणारा भूलतज्ज्ञ सुई याच लिगामेंटमधून पार झाल्याची खूण बोटांनी ओळखतो: दाबाचा विरोध एकदम संपतो.

आणखी एक गोष्ट. उभं राहून हळूहळू पूर्ण वाकलात की एका टप्प्यावर कमरेचे स्नायू काम थांबवतात. विद्युत नोंदीत ते गप्प झालेले दिसतात. तिथून पुढचा बराचसा भार लिगामेंट पेलतात. थोडा वेळ ठीक आहे, पण त्याच अवस्थेत बराच वेळ राहिलं तर ती हळूहळू लांबतात आणि उठल्यावर लगेच मूळ लांबीवर येत नाहीत. खूप वेळ पोक काढून बसल्यावर लगेच जड ओझं उचलू नका असं मी सांगते ते म्हणूनच.

मानेत तर एक आडवा पट्टा दुसऱ्या मणक्याच्या दातासारख्या वर आलेल्या भागाला पहिल्या मणक्याच्या कड्याशी धरून ठेवतो. त्या दातामागे लगेच मज्जारज्जू. आमवातात हा पट्टा कमकुवत होऊ शकतो, म्हणून अशा रुग्णांच्या मानेला झटका देऊन 'कट्' करणाऱ्यांची मला भीती वाटते.

आता बरं होण्याचं. हाडात रक्त भरपूर, लिगामेंटमध्ये तुटपुंजं. शिवाय फाटलेली जागा आधी कच्च्या, अस्ताव्यस्त धाग्यांनी भरते. ताणाच्या दिशेने ते ओळीत लागायला महिनोन्‌महिने जातात, काही वेळा वर्ष. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट बहुतेकदा शस्त्रक्रियेशिवाय जुळतं, पण एसीएल सांध्यातल्या द्रवात असल्याने तिथे रक्ताची गुठळीच टिकत नाही आणि तुटलेली टोकं सहसा जुळत नाहीत. तुमचे सहा आठवडे म्हणजे दुखणं कमी होऊन नेहमीची कामं जमण्याचा काळ. पट्टी तेव्हाही पूर्ण पक्की झालेली नसते.

म्हणून नुसतं जपणं मला पुरेसं वाटत नाही. लिगामेंटमध्ये संवेदना टिपणारी चेतातंतूंची टोकं असतात. पाऊल कलतंय ही वर्दी ती देतात आणि स्नायू वेळेत आवळले जातात. मुरगळल्यावर ही वर्दी ढिली पडते, आणि तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळण्याचं ते एक मोठं कारण असतं. पायावर भार देताना दुखेनासं झालं की भिंतीजवळ एका पायावर उभं राहायला लागा, अर्धा मिनिट. जमलं की डोळे मिटून. पहिल्या दिवशी पाऊल किती डुगडुगतं ते पाहून तुम्हीच चकित व्हाल. दोनतीन महिन्यांनीही उतारावर घोटा दगा देत असेल, किंवा सूज हटत नसेल, तर पुन्हा दाखवा आणि तिथे एमआरआयची गरज आहे का ते विचारा, कारण एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही.