इको नाही हो, घुमारा!

प्रश्न आलाय की घरी गाणं रेकॉर्ड केल्यावर आवाज क्लिअर यायला 'इको' किती द्यायचा आणि रिव्हर्बला मराठीत काय म्हणायचं. आधी तो इको बंद करा! मंडपातल्या साऊंडवाल्यापासून भजनी मंडळापर्यंत जो तो 'भाऊ, इको वाढव' म्हणतो आणि हवा असतो रिव्हर्ब. इको म्हणजे प्रतिध्वनी, तो सुटा ऐकू यायला भिंत आपल्यापासून निदान 17 मीटर दूर लागते, दहा बाय बाराच्या खोलीत तो येणार कुठून? तिथे चारी भिंतींवरून परतलेला आवाज एकमेकांत मिसळून नुसता रेंगाळतो, तो रिव्हर्ब.

आणि शब्द काय भारी आहे बघा, लॅटिनमध्ये 'वेर्बेर' म्हणजे चाबूक, 'वेर्बेरारे' म्हणजे फटके मारणं, 'रे' म्हणजे परत. भिंतीने आवाजाला फटकावून माघारी पाठवलं!

पुस्तकी मराठीत याला 'निनाद' म्हणतात, ते मला साफ नामंजूर. घंटेचा निनाद, शंखाचा निनाद हा मूळ नादच असतो, मागे उरलेला नव्हे. तबलजींकडे शब्द तयार आहे की, डग्ग्याचा घुमारा! घुमणे वरून. मी तर म्हणतो 'घुमट'सुद्धा याच ओढीने घडला. फारसी गुंबदचा अपभ्रंश, विषय संपला, असं जाणकार सांगतात. संपला कसा? ग चा घ कुणी केला? आत आवाज घुमतो हे ऐकलेल्या माणसांनीच केला असणार, विजापूरच्या गोल घुमटात जाऊन एकदा टाळी वाजवा, तिथे घुमाराही मिळेल आणि खराखुरा इकोसुद्धा. गोव्यातलं मातीचं घुमट वाद्य घ्या, पुन्हा तेच.

हां, मिक्स, म्हणजे रेकॉर्ड झालेल्या आवाजाची जुळवाजुळव. इक्वलायझर, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या फ्रिक्वेन्सी कमीजास्त करायची सोय, हा टेलिफोनच्या तारांतून आलेला शब्द, लांब तारेत वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त गळायच्या, त्या भरून सगळं समान करायचं, म्हणून इक्वल. घरी मात्र भरण्यापेक्षा काढायचं काम जास्त. भाचीची गवळण बेडरूममध्ये रेकॉर्ड केली तर शब्द डबक्यातून आल्यासारखे, 300 हर्ट्झच्या आसपास तीन डेसिबल खाली घेतले, रिव्हर्बमधलं 200 च्या खालचं कापून टाकलं आणि प्री-डिले, म्हणजे रिव्हर्ब सुरू होण्याआधीची उसंत, 25 मिलिसेकंद ठेवला, म्हणजे शब्द आधी कानावर पडतो, मागून घुमारा पसरतो. 'यमुनेच्या' मधला 'च्या' पहिल्यांदा स्वच्छ आला. त्या चॅनेलला मी नावच 'घुमारा' दिलंय.