'द ट्रेन लीव्हज टुमारो' बरोबर कसं? सिंपल प्रेझेंट नक्की कधी वापरायचा?

तुम्ही लिहिलंय की क्लासच्या सरांनी सांगितलं, सिंपल प्रेझेंट फक्त सवयी आणि त्रिकालाबाधित सत्यासाठी; मग 'द ट्रेन लीव्हज टुमारो' बरोबर कसं? वाचलं आणि राहवलं नाही.

या 'फक्त'शी माझं जुनं वैर आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, एबीसीडी गिरवली ती पाचवीत, आणि नोकरी मात्र इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. एका वर्षी प्रतापगडच्या सहलीची नोटीस माझ्याकडे आली. मी लिहिलं, 'द बस लीव्हज ॲट सिक्स थर्टी ऑन सॅटर्डे.' सुपरवायझर बाईंनी लाल पेनाने 'लीव्हज' खोडलं, वर 'विल बी लीव्हिंग' लिहिलं आणि भर स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "अहो, शनिवार अजून यायचाय! मराठी मीडियमवाल्यांचा टेन्सचा घोळ काही जात नाही." सगळ्यांचे डबे उघडे, सगळ्यांचे कान इकडे. बाईंच्या मागेच बोर्डावर त्यांच्या सहीचं सर्क्युलर टाचलेलं: 'स्कूल रीओपन्स ऑन मंडे आफ्टर द दिवाळी व्हेकेशन.' मी नुसतं बोट दाखवलं. "ते वेगळं," म्हणाल्या. काय वेगळं, ते नाही सांगितलं. नोटीस त्यांच्याच शब्दांत निघाली.

वेगळं काहीही नाही. गाडी, परीक्षा, सिनेमाचा शो, शाळा उघडणं, म्हणजे जे वेळापत्रकात बसलंय ते उद्याचं असलं तरी सिंपल प्रेझेंटमध्ये बोलतात. इफ, व्हेन, अनटिल यांच्या मागेही तोच: 'इफ इट रेन्स, वी विल कॅन्सल द ट्रिप.' पाऊस पुढे पडणार असला तरी तिथे 'इफ इट विल रेन' नको.

'आत्ता घडतंय म्हणजे आयएनजी' हाही असाच अर्धवट नियम. २ एप्रिल २०११, वानखेडे, धोनीचा षटकार आणि रवी शास्त्रींचा आवाज: 'धोनी फिनिशेस ऑफ इन स्टाइल.' डोळ्यांसमोर घडतंय, तरी सिंपल प्रेझेंट. 'इज फिनिशिंग' म्हटलं असतं तर मॅच अजून संपायचीच होती. त्याच दमात पुढे 'इंडिया लिफ्ट द वर्ल्ड कप', 'लिफ्ट्स' नाही. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत संघ अनेकवचनी धरतात. 'द सन राइझेस इन द ईस्ट' घोकून घेणाऱ्यांनी एकदा हे फळ्यावर लिहून बघावं. सूर्य पूर्वेला उगवतो हे इंग्रजीत कोणाला सांगायची वेळ माझ्यावर तरी आलेली नाही.

बाकी सोपं आहे. रोजचं ते 'आय गो', वाटेत असाल तर 'आय ॲम गोइंग'. नो (म्हणजे माहीत असणं), वॉन्ट, अंडरस्टँड यांना उगाच आयएनजी चिकटवू नका. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. (जेवताना 'आय ॲम हॅविंग लंच' खुशाल म्हणा, तिथे हॅव म्हणजे खाणं.)

आता, 'विल बी लीव्हिंग' चूक आहे असं मी म्हणत नाही. नोटिशीत तेही चालतं. माझं म्हणणं इतकंच की बरोबर वाक्य खोडायचं कारण नव्हतं. शिवाय वेळापत्रकाची ही सवलत सरसकट नाही: तुमचा तुम्ही ठरवलेला बेत असेल तर 'आय गो टू पुणे टुमारो' नाही, 'आय ॲम गोइंग'च.

आणि चारचौघांत कोणी तुमचं वाक्य खोडलं, तर नियम कुठल्या पुस्तकात आहे तेवढं विचारा. मी दुसऱ्या दिवशी विचारलं होतं. बाई "बघून सांगते" म्हणाल्या, आणि पुढे रिटायर झाल्या.